अनंतच्या कंप्युटरचे सुटे भाग

डिचोली
१५ जून २०१४

अनंता,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. कृष्णनाथच्या हाती देते आहे. त्याची बस अजूनही डिचोलीहून म्हापशावरून पेडण्याला जाते आणि दारात माणसं लोंबकळत असली तरी तो मागे रिकामी जागा असल्यासारखा "फाटीं वचात, फाटीं खूब सुवात आसा" असंच ओरडतो. तुयेला तुझ्या फॅक्टरीजवळच्या टपरीवर तो चहाला उतरतो म्हणाला. पत्र लिहावं असं खरं तर काही घडलेलं नाही. आई बरी आहे. ट्रक आंगणात आहे तसाच आहे, ताडपत्रीखाली कोंबड्या बसतात.

एक विचारायचं होतं. विचारायचं कसलं, सांगायचंच आहे. तुझ्या कंप्युटरमधल्या चार रॅमपैकी दोन मी काढल्या. उसन्या.

जाताना तू उंबऱ्यावरून बजावून गेला होतास, "म्हज्या कंप्युटराक कोणें हात लावंक फावना." मी वर्षभर लावला नाही. धूळसुद्धा आईने पुसली. पण बाजारातली क्लासची खोली मालकाने परत मागितली आणि क्लास आता आपल्या घरी, पुढच्या मोठ्या खोलीत, सालात आणलाय. वरच्या खाणीचं ऑफिस आवरलं तेव्हा तिथले बारा जुने कंप्युटर भंगारात निघाले, ते मी उचलले. दिसायला बरे, पण चालू केल्यावर आई चहा करून, पिऊन, कप धुऊन येते तरी त्यांचं अजून उघडतंच आहे. मुलींना नवीन काही शिकवायचं तर यांच्यावर जमत नाही, आणि बारा नवीन घेण्याची माझी ऐपत नाही.

म्हणून एकच दणकट मशीन उभं करायचं ठरवलंय. सर्व्हर. त्याच्या पोटात बारा मशिनं, नुसत्या प्रोग्रॅमने केलेली, आणि हे खाणीवरचे बारा म्हातारे फक्त पडदा आणि कीबोर्ड म्हणून. आईला मी सांगितलं, एका घरात बारा चुली मांडायच्या आहेत. ती म्हणाली, "मागीर घर घट जाय." बरोबर बोलली. घर मजबूत हवं तर रॅम लागते, आणि ती तुझ्या खोलीत नुसती पडून होती.

राग येऊ देऊ नकोस. घरात आपण बहीणभाऊ कोंकणीत भांडतो ते ठीक, पण पत्र मला मराठीतच येतं आणि मराठीत माझं बोलणं उगाच शाळेतल्या बाईंसारखं होतं.

तुझी बाय,
रत्ना


डिचोली
२ जुलै २०१४

अनंता,

कृष्णनाथला विचारलं, काय म्हणाला? तो म्हणाला, "कांय उलयलो ना. पत्र घेतलें आनी बोलसांत घालें." वाचलं का? "म्हज्या मुखार ना गो." एवढंच. पण परत दिलं नाहीस, खिशात ठेवलंस, त्यावर मी समाधान मानलं.

मागच्या पत्रात दोन रॅम लिहिल्या होत्या. चारही घेतल्या होत्या. पत्र लिहीत होते तेव्हा त्या टेबलावर माझ्यासमोरच होत्या. दोन लिहिल्यावर जरा बरं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही.

आता पुढचं. तुझं कॅबिनेट आणि पॉवर सप्लायही घेतला. म्हापशाच्या दुकानात मी तीन वेळा जाऊन आले. तो दुकानदार मला बघितलं की आतल्या माणसाला हाक मारतो, "आयल्या रे ती, भाजी निवडपी!" म्हणे मी एकेक भाग मिरची निवडल्यासारखा निवडते. निवडणार नाही तर काय? त्याला सगळं एकत्र बांधून द्यायचंय, आणि मला ठाऊक आहे की प्रोसेसरवर चार पैसे जास्त घालावेत आणि कॅबिनेटवर एक घालू नये. बारा मशिनं एकाच वेळी चालायची तर आठ कोअर हवेत, मग ते मागच्या वर्षीचं मॉडेल असलं तरी चालेल. रॅम भरपूर हवी. डिस्क दोन, एकीवर लिहिलेलं दुसरीवर आपोआप उतरावं म्हणून. पेट्या, दिवे, रंगीत पंखे नकोत. पॉवर सप्लाय मात्र हलका घ्यायचा नाही, तो गेला की जाताना बाकीच्यांना घेऊन जातो. तुझा चांगला होता. तू घेतलास तेव्हा मीच म्हटलं होतं, नुसत्या खेळाला कशाला एवढा भारी?

तुझ्या खोलीत मी पेचकस घेऊन बसले होते तेव्हा आई दारात आली. तिने विचारलं, "ताका विचारलें?" मी म्हटलं, पत्रात लिहिलंय. "आनी ताणें कितें म्हणलें?" मी म्हटलं, नको म्हणाला नाही. आई गेली. जाताना तिने तुझ्या खोलीचं दार ओढून घेतलं, मी आत असताना. मला ते लागलं.

तुझी डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड मी हलवलेलं नाही. हे खरं आहे.

रत्ना


डिचोली
२७ जुलै २०१४

अनंता,

पाऊस जोरात आहे, लाइटचा भरवसा नाही, क्लासला मुली ओल्या चपला व्हरांड्यात काढून येतात आणि मी त्यांना अजून फळ्यावरच शिकवते आहे. सर्व्हरचे सगळे भाग आले, एक सोडून. मदरबोर्ड. तो का आला नाही ते सांगायला हे पत्र.

त्याआधी दुसरं बोलायला हवं, वर्षभर मी त्याच्या कडेकडेने चालते आहे. खाणी बंद पडल्यावर तू खोलीत बसून तो ट्रकाचा खेळ खेळायचास. परदेशातले रस्ते, पाऊस, टोलनाके, आणि तू कानाला हेडफोन लावून गिअर टाकतोयस. मला चीड यायची. आंगणात बाबांचा ट्रक गंजतोय आणि हा तिकडे माल पोचवतोय! त्या दिवशी क्लासच्या मुली घरी आल्या होत्या, त्यांना मी तुझ्या दारात नेलं आणि म्हटलं, "बघा, सगळ्या खाणी बंद, पण आमचा ड्रायव्हर ड्युटीवर आहे." त्या हसल्या. त्यातल्या निम्म्यांचे बाप ट्रकवरचे, त्या माझ्याकडे बघून हसायचं म्हणून हसल्या. तू हेडफोन काढलास. दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन तुयेला गेलास.

मला तेव्हा कळलं नव्हतं असं म्हणणार नाही. बोलतानाच कळलं होतं. तोंडातून बाहेर पडत असताना कळलं, आणि तरी वाक्य पुरं केलं.

आता मदरबोर्ड. स्वस्त बोर्ड चालला असता. मुलींच्या बारा मशिनांना त्याच्यापुढे काही लागत नाही. पण माझ्या मनात आलंय ते असं की तुझी डिस्क जशीच्या तशी उतरवून घ्यायची आणि तिचं तेरावं मशीन करायचं. तुझा कंप्युटर, तुझ्या पडद्यावरच्या चित्रासकट, तुझ्या खेळासकट, सर्व्हरच्या आत. बाहेरचे भाग मी मोडले, पण आतला कंप्युटर राहील. मात्र तो खेळ ग्राफिक्स कार्डाशिवाय चालत नाही, आणि ते कार्ड फक्त एका मशीनच्या स्वाधीन करायची सोय सगळ्या बोर्डांत नसते. ज्यात असते तो महाग. दुकानदार म्हणाला, "बाई, क्लासाक हें कित्याक जाय?" मी म्हटलं, हवं म्हणून हवं.

तो बोर्ड मागवला. त्यासाठी यादीतली बॅटरी काढली, लाइट गेली की मशीनला थोडा वेळ धरून ठेवते ती. आपल्या सालात इन्व्हर्टरवर पीन लावायची एक जागा आहे, देवाच्या कोपऱ्यात. सर्व्हर तिथेच ठेवीन. तेवढ्यावर भागेल.

तुझी जुनी डिस्क नंतर क्लासच्या कामाला घेईन, म्हणजे दुसरी विकत घ्यायला नको. आधी नीट उतरवून घेईन. शब्द देते.

तुझी बाय


डिचोली
३१ ऑगस्ट २०१४

अनंता,

चवथीला तू येशील असं आईला वाटत होतं. मी तिला काही बोलले नव्हते, तरी तिने तुझ्या वाटणीच्या नेवऱ्या वेगळ्या डब्यात भरून ठेवल्या. गणपतीवरची माटोळी ह्या वेळी मीच बांधली. रानातलं सामान आणायला बाजारात गेले तर सगळे विचारत होते, अनंत आयलो? तू वर चढून बांधायचास तेव्हा ती सरळ असायची. ह्या वर्षी एका बाजूला उतरली आहे, गणपतीच्या डोक्यावर पोफळीचा घड जवळजवळ टेकलाय. आई म्हणते, "देवाक चलता."

एक वाईट झालं. तुझी डिस्क उतरवून घ्यायचं काम चवथीच्या सकाळी लावलं होतं. मोठी डिस्क, दिवसभराचं काम, मला वाटलं घरात सगळे असतील, कुणी क्लासला येणार नाही, होऊन जाईल. मध्येच लाइट गेली. मशीन बंद पडलं. परत चालू केल्यावर तुझ्या डिस्कमधून टक टक असा आवाज येतोय आणि ती उघडत नाही.

मी बघते आहे काय करता येतं. डिस्क काढून कोरड्या कापडात ठेवली आहे. लाइट खात्याला काय बोलायचं, सणाच्या दिवशी तरी.

नेवऱ्या कृष्णनाथकडे दिल्या आहेत. त्याने वाटेत खाल्ल्या तर मला सांग.

रत्ना


डिचोली
९ सप्टेंबर २०१४

अनंता,

लाइट गेली नव्हती.

इन्व्हर्टर आहे घरात, लाइट गेली असती तरी मशीन चाललं असतं, हे तुझ्यासारख्याला कळलं असणारच. पत्र कृष्णनाथच्या हाती दिलं आणि बस वळली तेव्हाच मला वाटलं, धावत जाऊन परत घ्यावं. घेतलं नाही.

झालं ते असं. आरतीची वेळ, साल भरलेलं, काकांकडचे सगळे आलेले, झांजा सुरू झाल्या होत्या. आई म्हणाली, "रत्ना, देवाकडेन काळोख जाला गो, माळ लाय." मखराची दिव्यांची माळ. कोपऱ्यात पिनेला जागा एकच. मी वाकले, तिथली पीन उपटली, माळेची लावली. दिवे लागले, सगळे म्हणाले वा. मी पण टाळ्या वाजवल्या. आरती अर्धी झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की सर्व्हरच्या पंख्याचा आवाज येत नाहीये. मी आरती पुरी म्हटली, अनंता. जागची हलले नाही, कारण हलले असते तर सगळ्यांनी विचारलं असतं.

आईने मात्र माझ्याकडे पाहिलं. रात्री जेवणं आटोपल्यावर तिने विचारलं, आणि मी तिलाही लाइटचं सांगितलं. "लायट?" म्हणाली. मागे दिव्यांची माळ लखलखत होती. 

डिस्क काही दिवस तशीच ठेवल्यावर पुन्हा फिरली. जेवढं वाचता आलं तेवढं मी तुकड्या तुकड्याने उतरवून घेतलं. तुझं मशीन उभं राहिलं आहे. चालतं. चित्र तेच, दुधसागरासमोर बाबा आणि तू. खेळ उघडतो. तू गेलास त्या दिवसाचाच ट्रक आहे, लाकडं भरून गोदामाच्या फाटकात, इंजिन चालू. माल पोचवायचा राहिलाय. मी कशाला हात लावला नाही. कार्ड त्याच एका मशीनला दिलंय, क्लासच्या मुलींच्या वाट्याला ते नाही.

पण सगळं आलं नाही. 'ट्रक' नावाचा फोटोंचा फोल्डर होता. दसऱ्याला हार घातलेला आपला ट्रक, बाबा बॉनेटवर हात ठेवून, तू स्टिअरिंगवर पहिल्यांदा बसलास तो, आमोण्याच्या जेटीवर रांगेत उभे असताना काढलेले. तो फोल्डर दिसतो. आत काही उघडत नाही. मी म्हापशाच्या माणसाकडे नेली डिस्क, त्याने कानाला लावून ऐकली आणि मान हलवली. फोटो गेले. दुसरीकडे कुठे ठेवले होतेस का? नसशील, तू कधीच ठेवत नाहीस. मीही ठेवायला हवे होते, मी तर हेच शिकवते.

हे मी लिहिणार नव्हते. मशीन चालतं एवढंच लिहून थांबणार होते. तुझ्या लक्षात यायला वर्ष लागलं असतं, आणि तोवर मी डिस्कवर आळ घातला असता.

मला माफ कर असं लिहिते आहे. बाईंसारखं वाटत असेल तरी तसंच लिहिते आहे, कारण दुसरं कसं लिहायचं मला येत नाही. मुलींसमोर तुला हसले त्याबद्दल आधी, आणि ह्याबद्दल नंतर.

मागच्या बाजूला पत्ता लिहिलाय, तो टाकलास की तुये असो की कुठेही, तुझं मशीन तुझ्यासमोर उघडेल. नेट बरं नसेल तर चित्र अडखळेल. पासवर्ड ट्रकाचा नंबर, मधे जागा न सोडता. तो तू विसरणं शक्य नाही.

तुझी बाय


डिचोली
३ ऑक्टोबर २०१४, दसरा

अनंता,

खोका पोचला. कृष्णनाथने तो ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटवर बसवून आणला आणि स्टँडवर सगळ्यांसमोर ओरडला, "रत्नाबाय, तुज्या भावान दगड धाडल्यात!" एवढा जड. मी तिथेच फोडला. आत बॅटरी, मी यादीतून काढली होती तीच, तुमच्या फॅक्टरीतली. पत्र शोधलं, नव्हतं. बॅटरीच्या वरच चिकटपट्टी लावून तुझ्या अक्षरात लिहिलेलं होतं: पीन काढूं नाका.

मी स्टँडवर हसले, अनंता, आणि मग रडले, आणि कृष्णनाथ म्हणाला, "कितें गो, मोडलां व्हय?" मी म्हटलं, नाही, चांगलं आहे.

घरी आणून लावली. तिच्या मागे पिनांना दोन जागा आहेत. एकीत सर्व्हर. आईने बघून घेतलं आणि म्हणाली, "दुसऱ्यांत देवाली माळ लाय. म्हणजे तुजो हात परत थंय वचचो ना." म्हणजे पिनेला माझाच हात लागला होता हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी तिलाही सांगितलं मग, सगळं. ती झेंडूची फुलं ओवत होती, ओवतच राहिली.

क्लास सुरू झालाय. बाराही म्हातारे धावतात. मुलींना वाटतं मी काही जादू केली, मी त्यांना सांगितलं रॅम माझ्या भावाची आहे, पेटी भावाची, सप्लाय भावाचा, आणि त्याला मी विचारलेलं नाही. त्या दिवशी हसलेल्या दोघी-तिघी त्यांत आहेत. त्यांच्यासमोर हे म्हणायचं मी ठरवूनच ठेवलं होतं.

आज सकाळी पूजा केली. सर्व्हरला हार, बारा जणांना एकेक फूल. आई ताडपत्री काढून ट्रकाला पाणी मारत होती. तिने एकटीने बॉनेट पुसलं, बाबा पुसायचे तसं, दोन्ही हातांनी. कोंबड्या हाकलल्या. फोटो काढला मी. तो एक आहे आता, आणि दोन ठिकाणी ठेवलाय.

हार घालण्याआधी मी तुझं मशीन उघडून बघितलं, नुसतं चालतंय ना एवढं बघायला. ट्रक गोदामाच्या फाटकात नव्हता. मला वाटलं माझ्याच हातून काही बिघडलं. मग खाली वाचलं. माल पोचला. कुठल्या तरी परदेशी गावाच्या बाहेर ट्रक रिकामा उभा होता, इंजिन बंद. त्या नेटवर, अडखळत्या चित्रात, एवढं अंतर तू कसं चालवलंस मला माहीत नाही. टक्कर एकही दाखवत नाही.

आईला हाक मारली. ती ओले हात पदराला पुसत आली आणि पडद्यापाशी वाकून बराच वेळ बघत राहिली. तुला आठवतंय, बाबांची शिस्त होती, जेटीवर माल उतरवला की रिकामा ट्रक वाटेत कुठे उभा करायचा नाही, सरळ घरच्या रस्त्याला लागायचं. तिने पडद्यावरच्या ट्रकाला बोट लावलं.

"माल पोचयलो न्ही? मागीर रिकामो ट्रक घेवन थंय कित्याक रावला? घरा यो म्हण ताका."

तिचे शब्द आहेत, मी तसेच लिहिले आहेत.

तुझी बाय,
रत्ना